यूवाचून क्यू : अक्षरांची यादी आणि शब्दांचा अर्थ

इंग्रजी स्पेलिंगला नियम नाही, अशी आपल्याकडील विद्यार्थ्यांची जुनी तक्रार आहे, आणि ती बरीचशी खरी आहे. तथापि एक नियम असा आहे की तो कोणत्याही शिक्षकाने निःशंकपणे फळ्यावर लिहावा : 'क्यू' हे अक्षर आले की त्याच्या पाठोपाठ 'यू' आलेच पाहिजे. राणीसाठी क्वीन, त्वरेसाठी क्विक, प्रश्नासाठी क्वेश्चन, शांततेसाठी क्वायट. कोणताही शब्द घ्या, ही जोडी फुटत नाही.

या नियमालाही अपवाद आहेत. इंग्रजीच्या मोठ्या शब्दकोशांतून शोध घेतल्यास क्यू आहे पण त्याच्यामागे यू नाही, असे बरेच शब्द हाती लागतात. कादी, फकीर, कनात, तलाक, कव्वाली, किब्ला, नकाब, ची, किविऊत, किंडार अशी ही विलक्षण मंडळी आहे. इंग्रजी लिपीत या प्रत्येकात क्यू आहे आणि तो एकटा आहे. शब्दकोड्यांच्या व अक्षरखेळांच्या पुस्तकांतून अशा शब्दांच्या याद्या छापलेल्या असतात. हुशार मुले त्या पाठ करतात आणि पालक त्यांचे कौतुक करतात.

या याद्यांकडे आजवर कोणी साहित्य म्हणून पाहिले नसेल. परंतु छापलेले आणि आवडीने वाचले जाणारे जे जे काही असते, त्याची वाचकावर एक छाप पडते, आणि म्हणून त्याची समीक्षाही व्हावयास हवी, असे आम्हांस वाटते. आमचे म्हणणे थोडक्यात असे : हे शब्द एकत्र आले ते एका अक्षरामुळे, परंतु त्यांचे मोल त्या अक्षरात नाही. अक्षर हा केवळ पाहुण्याचा पोशाख आहे. यादी पोशाख मोजते आणि पाहुण्याला दाराबाहेर उभे ठेवते.

अक्षराची वाटचाल

क्यू हे अक्षर मूळचे युरोपचे नव्हे. फिनिशियन आणि हिब्रू या सेमिटिक लिप्यांतील 'कोफ' हे त्याचे मूळ. घशाच्या अगदी मागच्या भागातून निघणारा एक 'क' या लोकांच्या भाषेत होता आणि नेहमीचा 'क' त्याहून वेगळा होता. म्हणून त्यांना दोन अक्षरे लागली. ग्रीकांनी लिपी उचलली तेव्हा त्यांच्या भाषेत हा दुसरा ध्वनी नव्हता. काही काळ त्यांनी 'कोप्पा' नावाने ते अक्षर चालविले, पुढे लेखनातून ते गळाले आणि ९० या संख्येची खूण म्हणून तेवढे उरले. इट्रुस्कन लोकांच्या मार्फत ते रोमनांकडे गेले. लॅटिनमध्ये 'क'साठी आता सी, के व क्यू अशी तीन अक्षरे झाली. हळूहळू त्यांची वाटणी झाली आणि क्यू केवळ 'क्व' या जोडध्वनीसाठी, यूच्या संगतीत, राहिला.

इंग्रजीत मात्र ही जोडी आरंभापासून नव्हती. जुन्या इंग्रजीत राणी हा शब्द सी आणि डब्ल्यू या अक्षरांनी लिहीत असत. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले आणि त्यांच्यामागून फ्रेंच वळणाचे लेखनिक आले. त्यांनी आपल्या सवयीप्रमाणे इंग्रजी शब्दांनाही क्यू-यूची जोडी दिली. म्हणजे जो नियम आज आम्ही इंग्रजीचा सनातन नियम म्हणून शिकवितो, तो जेत्यांच्या लेखनिकांनी घालून दिलेला आहे. भाषेतील पुष्कळशा 'शुद्धते'चा इतिहास असाच असतो.

पाहुणे आणि त्यांचा पोशाख

एकट्या क्यूचे शब्द इंग्रजीत आले ते बहुतांशी अरबी व फारसी भाषांतून. अरबीने तो घशातला 'क' आजवर जिवंत ठेवला आहे. आरंभीच्या इंग्रज प्रवाशांना व व्यापाऱ्यांना त्याची पर्वा नव्हती. कानाला लागेल तसे ते लिहीत. यूल आणि बर्नेल यांचा 'हॉब्सन-जॉब्सन' हा अँग्लो-इंडियन शब्दांचा कोश १८८६ साली निघाला. त्यात आपला काजी सी या अक्षराखाली सापडतो आणि मुकादम एम या अक्षराखाली बसलेला आहे. पुढे पौर्वात्य विद्येच्या पंडितांनी काटेकोर लिप्यंतराची पद्धत रूढ केली, तेव्हा अरबीचा मागचा 'क' दाखविण्यासाठी त्यांना मोकळे अक्षर हवे होते. क्यू जवळजवळ रिकामाच होता. तो त्यांनी कामाला लावला. एका अर्थी क्यू आपल्या माहेरी परतला, कारण सेमिटिक ध्वनीसाठीच तो जन्मला होता.

आता या पाहुण्यांची विचारपूस करू.

'कादी' म्हणजे निवाडा करणारा, न्यायाधीश. आपल्याकडे तो काजी झाला. स्पेनमध्ये मुस्लिम राजवट होती त्या काळात अरबी उपपदासह तो स्पॅनिशमध्ये शिरला आणि 'अल्काल्दे' झाला. आजही स्पॅनिश गावाच्या नगराध्यक्षाला हेच नाव आहे. राजवट गेली, धर्म बदलला, शब्द मात्र खुर्चीवर कायम राहिला.

'कनात' हा शब्द अधिक समृद्ध आहे. तंबूभोवती लावतात ती कनात येथे अभिप्रेत नाही. इराणमध्ये डोंगराच्या पायथ्याचे भूजल, ठराविक अंतरावर उभ्या विहिरी खणून, त्यांना तळाशी जोडणाऱ्या भुयारी कालव्याने, केवळ उताराच्या बळावर, मैलोगणती दूर वस्तीपर्यंत नेतात. त्या कालव्याला कनात म्हणतात. २०१६ साली युनेस्कोने इराणच्या कनातींची जागतिक वारशात नोंद केली. ही विद्या आपल्याही प्रांतात आली होती. सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबरने खडकीसाठी, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरासाठी, भूमिगत जलवाहिनी बांधविली. वस्तू तीच, पण नाव वेगळे पडले : नहर-ए-अंबरी.

कनातीची वंशावळ तर याहूनही मनोरंजक आहे. मूळ सेमिटिक शब्दाचा अर्थ बोरू, वेत, पोकळ नळी. त्याच कुळातला शब्द ग्रीकमध्ये गेला. पोकळ नळीवरून पुढे कालव्याचा कॅनॉल आला, वेताची केन आली, आणि तोफेची कॅननही आली. सरळ बोरूचा उपयोग मोजपट्टी म्हणून होई, त्यावरून ग्रीकमध्ये 'मापदंड, नियम' या अर्थाचा 'कॅनन' सिद्ध झाला. बायबलमधील मान्य ग्रंथांची यादी म्हणजे कॅनन आणि ख्रिस्तसभेचे विधिनियम म्हणजे कॅनन लॉ, हे आमच्या वाचकांस ठाऊकच आहे. वाळवंटात पाणी नेणारे भुयार आणि धर्मग्रंथांचा मापदंड हे एकाच बोरूचे दोन फाटे आहेत. यादीत मात्र कनात हा पाच अक्षरांचा एक सोयीस्कर शब्द आहे, इतकेच.

'फकीर' याचा अरबी अर्थ गरीब, गरजवंत. ईश्वरापुढे आपण रिते आहोत असे जो मानतो तो फकीर. इंग्रजांनी हा शब्द घेतला आणि त्याचा अर्थ उतरविला. खिळ्यांच्या पाटावर झोपणारा, चमत्कार दाखवून पैसे मिळविणारा, अशी त्याची प्रतिमा झाली. १९३१ साली चर्चिल यांनी गांधीजींना उद्देशून हा शब्द वापरला तो याच तुच्छतेने. गांधीजींनी १९४४ साली चर्चिलना पत्र लिहून कळविले की हे विशेषण आपण गौरव म्हणूनच मानतो, कारण तसे होण्याचा आपला दीर्घकाळ प्रयत्न चालला आहे. एका शब्दाचा अर्थ त्याच्या मालकीणभाषेकडे परत नेण्याचे याहून सुंदर उदाहरण आम्हांस ठाऊक नाही. असिसीच्या संत फ्रान्सिसचे दारिद्र्य ज्यांनी मनापासून समजून घेतले आहे त्यांना फकीर या शब्दाचा अर्थ कोशात पाहावा लागणार नाही.

आणि 'तलाक'. यादीत याही शब्दाला चांगला भाव आहे, कारण त्यात क्यू शेवटी येतो. परंतु या शब्दाच्या एका उच्चाराने किती स्त्रियांचे संसार मोडले, आणि त्यांनी न्यायालयात दाद मागितल्यावर २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने तात्काळ तीन तलाक घटनाबाह्य ठरविला, हे ज्याला माहीत आहे त्याला हा शब्द पाटावर मांडताना क्षणभर थांबावेसे वाटेल. तसे वाटणे हीच अर्थाची जाणीव होय.

तीन दूरचे शब्द

एकटा क्यू दिसला की शब्द अरबीच, असे मात्र समजू नये. 'ची' हा चिनी शब्द पूर्वी इंग्रजीत सी आणि एच या अक्षरांनी लिहीत. १९५८ साली चीनने 'पिनयिन' ही रोमन लेखनपद्धती स्वीकारली आणि तिच्यात क्यू या अक्षराला 'च'च्या जवळचा ध्वनी देण्यात आला. त्यामुळे ज्याचा उच्चार 'ची' तो शब्द क्यू आणि आय अशा दोनच अक्षरांत मावला. त्याचा अर्थ वाफ, हवा, श्वास, प्राणशक्ती. जुन्या चिनी लिपीतील त्याच्या चिन्हात तांदळाची खूण आहे. भाताच्या हंडीवरची वाफ ज्यांनी रोज पाहिली त्यांनाच सुचावे असे हे चिन्ह आहे. हिब्रू 'रुआह', ग्रीक 'न्यूमा', लॅटिन 'स्पिरितुस' आणि आपला 'प्राण' यांच्या शेजारी हा शब्द ठेवून पाहावा. वारा आणि श्वास यांवरूनच माणसाने सर्वत्र आत्म्याकडे जाण्याची वाट शोधली, हे ध्यानात येते.

'किविऊत' हा उत्तर ध्रुवाकडील इन्युइट लोकांचा शब्द. मस्कऑक्स नावाच्या केसाळ प्राण्याच्या राठ केसांखाली जी अत्यंत मऊ लोकर असते आणि वसंतात गळून पडते, ती किविऊत. याच लोकांनी इंग्रजीला 'कयाक' ही चामड्याची होडीही दिली. मुळात तिच्या आरंभीही तोच घशातला 'क' आहे. पण होडी आधी आली, म्हणून तिने इंग्रजी रीतीचा 'के' स्वीकारला. लोकर उशिरा आली आणि तिने आपला क्यू टिकविला.

'किंडार' हे अल्बानियातील नाणे, 'लेक' या चलनाचा शंभरावा भाग. अल्बानियन भाषेतील शंभराचा शब्द लॅटिन 'सेंटुम'वरून आला आहे. त्याच सेंटुमवरून इंग्रजी सेंट आला, आणि आपला संस्कृत 'शत' हा सेंटुमचा सख्खा भाऊबंद. परक्या वेषातला हा किंडार म्हणजे दूरचा का होईना पण आपल्याच गोतातला निघाला. कोलकात्याच्या संत तेरेसा यांची मातृभाषा अल्बानियन होती, हे सांगितले म्हणजे तो आणखी जवळचा वाटेल.

मराठीचा पाहुणचार

अरबीतला तो घशातला 'क' मराठीतही आला, आणि फार मोठ्या संख्येने आला. हक्क, कायदा, कर्ज, कलम, किल्ला, कबूल, मुक्काम, मुकादम, तालुका, फरक, कुलूप : या प्रत्येक शब्दात मुळात तोच ध्वनी आहे. परंतु मराठीने त्याच्यासाठी वेगळे अक्षर केले नाही, अक्षराखाली टिंबही दिले नाही. सरळ आपला 'क' दिला आणि पाहुण्याला घरात घेतले. तालुक्याच्या गावी मुक्काम करून कर्जाच्या दस्तावर सही करणाऱ्या शेतकऱ्याला आपण अरबी बोलतो आहोत याची वार्ताही नसते. 'कुफ्ल'चे तर मराठीने अक्षरे उलटीसुलटी करून 'कुलूप' केले आणि ते दाराला लावले.

येथे दोन भाषांच्या दोन रीती समोर येतात. इंग्रजीने, निदान अलीकडच्या काळात, पाहुण्याला त्याचा पोशाख ठेवू दिला. त्यामुळे त्याचे मूळ दिसते, पण तो कायम पाहुणाच राहतो. मराठीने आपले वस्त्र नेसविले. त्यामुळे मूळ पुसले गेले, पण शब्द घरचा झाला. अरबीत ज्याचा अर्थ पाया किंवा नियम, तो शब्द मराठीत 'कायदा' होऊन न्यायालयात बसला. तोच शब्द एकट्या क्यूसह, २००१ नंतर, एका दहशतवादी संघटनेच्या नावातून जगभरच्या इंग्रजी वृत्तपत्रांत झळकला आणि भयसूचक झाला. शब्द एक, पण नशीब वेगळे.

राज्यव्यवहारकोशापासून सावरकरांच्या भाषाशुद्धीच्या चळवळीपर्यंत हे शब्द काढून टाकण्याचे प्रयत्न झाले. त्यांनी मराठीला काही चांगले नवे शब्द दिले, हे मान्य केलेच पाहिजे. तरी हक्क आणि कर्ज जागचे हलले नाहीत.

या संदर्भात आमच्या परंपरेतील एक गोष्ट नमूद करणे अगत्याचे आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे जन्माने इंग्रज. १५७९ साली ते गोव्यात आले. १६१६ साली प्रसिद्ध झालेले त्यांचे 'क्रिस्तपुराण' भाषेने मराठी, पण लिपीने रोमन होते, आणि रोमन अक्षरांची वळणे पोर्तुगीज होती. त्या वळणाप्रमाणे 'के' आणि 'कि' लिहिताना क्यूचा उपयोग होई. मागे यू असे, पण तो मुका. म्हणजे 'केले' हा आपला अस्सल मराठी शब्दही एके काळी क्यूचा पोशाख घालून वावरला आहे. एक इंग्रज, पोर्तुगीज वळणाच्या रोमन अक्षरांत, मराठी ओवी लिहितो, आणि ती ओवी मराठीच राहते, कारण तिचे प्राण अक्षरांत नव्हते. याच स्टीफन्स यांनी १५८३ साली आपल्या भावाला लिहिलेल्या पत्रात भारतीय भाषांचे ग्रीक व लॅटिन यांच्याशी असलेले साम्य नोंदविले होते. शब्द कानांनी आणि अर्थाने ऐकणाऱ्यालाच अशी नाती दिसतात.

यादीचे गुणदोष

आता मूळ मुद्द्याकडे वळू. स्क्रॅबल हा खेळ आल्फ्रेड बट्स या अमेरिकन वास्तुविशारदाने १९३० च्या दशकात तयार केला. इंग्रजी संचात क्यूची सोंगटी एकच असते आणि तिला १० गुण असतात. हाती क्यू आहे पण यू नाही, अशी अडचण झाली की एकट्या क्यूचे शब्द उपयोगी पडतात. 'ची' हा शब्द २००६ साली उत्तर अमेरिकेच्या अधिकृत यादीत आला आणि खेळाडूंचा लाडका झाला. यात गैर काही नाही. खेळाने स्मरणशक्तीला व्यायाम होतो, वेळ आनंदात जातो, आणि एखाद्या जिज्ञासू मुलाला कोश उघडण्याची बुद्धीही होते. यादीचा हा गुण आम्ही नाकारीत नाही.

परंतु तिची मर्यादाही स्पष्ट आहे. न्यूझीलंडचे नायजेल रिचर्ड्स हे या खेळातले अद्वितीय खेळाडू. २०१५ साली त्यांनी फ्रेंच स्क्रॅबलचे जागतिक अजिंक्यपद मिळविले, आणि त्यांना फ्रेंच बोलता येत नव्हते. २०२४ साली स्पॅनिश भाषेतही त्यांनी तोच पराक्रम केला. हा स्मरणशक्तीचा अपूर्व चमत्कार आहे व त्याला दाद दिलीच पाहिजे. पण त्यातून एक गोष्ट सिद्ध होते : भाषेचे सारे शब्द जवळ असूनही भाषा जवळ नसू शकते. रिचर्ड्स यांचे यात काहीच बिघडत नाही, कारण ते खेळ खेळत आहेत आणि खेळ म्हणूनच खेळत आहेत. आमची चिंता वेगळी आहे. आपल्या इंग्रजी माध्यमाच्या शाळांतून पुष्कळ मुले खेळ न खेळताही अशाच रीतीने शिकत आहेत. स्पेलिंग बिनचूक, अर्थ अंधुक. आणि घरची भाषा मात्र दुय्यम समजून बाजूला ठेवलेली. फकीर इंग्रजीत कसा लिहावा हे ज्याला येते पण फकीर म्हणजे कोण हे जो आजीला विचारत नाही, त्याच्या पदरी दोन्ही भाषांतून केवळ टरफले येतात.

अक्षरांवरून शब्द गोळा करणे हे मुळातच हलके काम आहे काय? तसे नाही. ११९ व्या स्तोत्राचे उदाहरण घ्यावे. हिब्रू वर्णमालेची २२ अक्षरे, प्रत्येक अक्षराच्या आठ ओळी, अशा १७६ ओळींचे हे स्तोत्र आहे, आणि प्रत्येक गटातील आठही ओळी त्या त्या अक्षराने सुरू होतात. एकोणिसावा गट कोफचा, १४५ ते १५२ या ओळींचा. म्हणजे हीसुद्धा एका अर्थी क्यूच्या शब्दांची यादीच आहे. पण त्या भक्ताने अक्षराला मालक केले नाही, दोरा केले. त्याने निवडलेला पहिलाच कोफचा शब्द 'करा' या धातूचा आहे. हिब्रूत या धातूचे दोन अर्थ होतात : हाक मारणे आणि वाचणे. अरबीतील याच्याच भाऊबंद धातूवरून कुराण हे नाव आले.

एकाच शब्दात हाक आणि वाचन एकत्र नांदावे, हे आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते. शब्द वाचणे म्हणजे त्याला नावाने हाक मारून त्याची ओ ऐकणे होय. ज्या पालकांच्या घरी अशा याद्या पाठ होत असतील त्यांना आमची एवढीच सूचना आहे की प्रत्येक शब्दापुढे एक कोरी जागा ठेवावी आणि मुलाने तेथे तो शब्द कोठून आला व त्याचा अर्थ काय हे मराठीत लिहावे. यादी तशीच राहील, गुणही तेवढेच मिळतील. पण दाराबाहेर उभा असलेला पाहुणा घरात येऊन बसेल, आणि त्याच्याजवळ सांगण्यासारखे पुष्कळ आहे.